सोयाबीनचं बियाणं गोणीवर नाही, दाण्यावर ठरवा

‘हेक्टरी ८० किलो’ बियाणं हे आमच्या इंदूरजवळच्या सांवेरकडे सगळ्यांना पाठ. पण दाणा टपोरा असला की तेवढ्याच वजनात रोपं विरळ, बारीक असला की नुसती दाटी.

१. सगळ्या गोण्यांतून मूठमूठ काढून मिसळा आणि निवडानिवड न करता १०० दाणे मोजा. वजन सराफी काट्यावर करा (इंदुरात सराफ्यात कुणीतरी ओळखीचं निघतंच). किराण्याच्या काट्याला ११ आणि १३ ग्रॅममधला फरक कळत नाही.

२. तेच दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून सैल गुंडाळी करा. सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. सहाव्या दिवशी उलगडून फक्त धड मूळ आणि कोंब असलेले मोजा; शंभरातले जेवढे, तेवढे उगवण टक्के. बुरशीचे, वाकडेतिकडे सोडा. मन मोठं करायची जागा ही नव्हे.

३. १०० दाण्यांचं वजन (ग्रॅम) × ४५० ÷ उगवण टक्के = हेक्टरी किलो बियाणं.

हा हिशोब ४५ सेंमी ओळी आणि ५ सेंमीवर रोप, म्हणजे साधारण साडेचार लाख रोपांचा. ११ ग्रॅम, ८५ टक्के: ५८ किलो. १३ ग्रॅम, ७० टक्के: ८४ किलो. मुंग्या-पाखरांसाठी थोडं वर धरा.

उगवण ७० टक्क्यांच्या खाली आली तर हेक्टरी किलो वाढवत बसू नका, बियाणं बदला. आणि गोण्या आपटू नका. सोयाबीनची साल फार पातळ असते.