जुन्या फर्निचरला मिल्क पेंट लावायचाय? आधी जुनं पॉलिश ओळखा

मिल्क पेंट म्हणजे दुधातलं केसीन, चुना आणि रंगद्रव्य यांची भुकटी. पाण्यात कालवायची आणि लावायची. डब्यात पातळ, तयार मिळणारे बरेचसे 'मिल्क पेंट' प्रत्यक्षात ॲक्रिलिक असतात आणि त्यांचं वागणं वेगळं असतं. इथली माहिती भुकटीच्या रंगासाठी आहे.

मुठी, कड्या, बिजागऱ्या काढून ठेवा. ढिले सांधे गोंद लावून आवळून घ्या. यानंतर खरं काम सुरू होतं.

'थोडं घासा आणि रंगवा' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यानेच सगळ्यात जास्त फर्निचर खराब होतं. ॲक्रिलिक रंग पृष्ठभागाला वरून चिकटतो. मिल्क पेंट लाकडाच्या रंध्रांत मुरतो आणि तिथे घट्ट होतो. रंध्रं पॉलिशने बुजलेली असली की त्याला धरायला जागाच उरत नाही. वाळताना तो आकसतो, त्याला तडे जातात आणि पापुद्रे सुटतात. कधी लगेच, कधी वरून तेल लावल्यावर. मुद्दाम तसा जुनाट, उडालेला रंग हवा असेल तर ठीक, पण कुठून किती उडेल हे तुमच्या हातात नसतं.

म्हणून पाण्याचा थेंब टाकून बघा. एकाच जागी नको. हात टेकतात तिथे, पाठीवर, पायांच्या खालच्या भागात, सगळीकडे. थेंब मिनिटाभरात मुरला आणि लाकूड काळसर झालं तर तिथे रंग धरेल. तसाच उभा राहिला तर वर काहीतरी बसलेलं आहे.

काय बसलंय ते ओळखणं अवघड नाही. पांढऱ्या फडक्यावर टर्पेंटाइन घेऊन पुसा. फडक्यावर पिवळट, चिकट थर आला तर मेण आहे. मग आडबाजूला कापसाचा बोळा मेथिलेटेड स्पिरिटमध्ये (अल्कोहोल) भिजवून अर्धा मिनिट टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण लॅकर थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन समजा.

मेण आधी उतरवा, पॉलिश पेपर नंतर. हा क्रम उलटा झाला की घासण्याच्या उष्णतेने मेण पातळ होऊन लाकडात आणखी खोल जातं, आणि मग ते निघता निघत नाही. टर्पेंटाइनने दोनतीनदा पुसा, दर वेळी नवं फडकं घ्या.

जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. तपासणी केल्याशिवाय कोरडा घासूच नका.

आता दोन रस्ते. खुर्ची, टेबल, रोज हाताळलं जाणारं काहीही असेल तर लाकूड पूर्ण उघडं करा. लाखेचं पॉलिश स्पिरिट आणि नायलॉनच्या घासणीने निघतं. स्टील वूल नको, त्याचे तंतू लाकडात अडकतात आणि पाण्याच्या रंगाखाली गंजतात. वॉर्निशला स्ट्रिपर, म्हणजे जुना थर उतरवणारं रसायन लागतं. शेवटी १२० आणि मग १८० नंबरचा पेपर, रेषांच्या दिशेने. याहून गुळगुळीत केलं तर रंग कमी मुरतो.

कपाटासारख्या कमी झिजणाऱ्या वस्तूवर जुनं पॉलिश ठेवता येतं. १५० नंबरने चकाकी पूर्ण मारा आणि फक्त पहिल्या हातात ॲक्रिलिक बाँडिंग एजंट, म्हणजे रंगाला पकड देणारं द्रव मिसळा. प्रमाण पाकिटावर असतं, सहसा कालवलेल्या रंगाच्या निम्मं ते बरोबरीचं. पण जुनं पॉलिशच सुटत असेल तर बाँडिंग एजंट काही कामाचा नाही: रंग पॉलिशला धरेल आणि पॉलिश लाकूड सोडेल.

कुठलाही रस्ता घ्या, आधी हातभर जागेवर लावून चोवीस तास थांबा. मास्किंग टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपवर पापुद्रा आला तर सगळ्या वस्तूला रंग लावू नका, मागे जाऊन पृष्ठभाग पुन्हा तयार करा.

ओक, महोगनी अशा लाकडांवर फिकट रंगातून पिवळे-तपकिरी डाग वर येतात. ते लाकडातलं टॅनिन आहे, आणखी हात मारून झाकत नाही. मेण काढलेल्या लाखेचे दोन पातळ हात द्या. त्यावर पुन्हा बाँडिंग एजंट लागतोच.

रंग कालवणं सोपं आहे. सगळ्या पाकिटांतली भुकटी आधी कोरडीच एकत्र करा, नाहीतर छटा बदलते. मास्क लावा, चुन्याची धूळ डोळ्यांना आणि श्वासाला वाईट. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात भुकटीइतकंच कोमट पाणी घाला, ढवळा, पंधरा मिनिटं ठेवा, बारीक कापडातून गाळा. दाट ताकाइतका हवा. लागेल तेवढाच कालवा, तो दुसऱ्या दिवशी भरवशाचा राहत नाही.

उघडं लाकूड ओल्या फडक्याने पुसून मग पहिला हात द्या. तो ठिगळं पडल्यासारखा, पारदर्शक दिसेल. दुरुस्त करायला जाऊ नका. रंगद्रव्य तळाशी बसतं, म्हणून दर काही मिनिटांनी ढवळा. पूर्ण वाळू द्या, वर आलेले तंतू ३२० नंबरने हलकेच काढा, मग दुसरा हात.

उघड्या मिल्क पेंटवर पाण्याचे डाग पडतात, त्यामुळे चोवीस तासांनी वरचा थर द्यावाच. तेलाने रंग गडद होतो, मेणाने कमी. टेबलाच्या वरच्या फळीला पाण्याचं पॉलियुरेथेन बरं. जवसाचं तेल पातळ लावा आणि वीस मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसून घ्या, नाहीतर चिकट राहतं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात कधीच टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. तेल पूर्ण पक्कं व्हायला तीनचार आठवडे लागतात. तोवर त्या वस्तूवर ओलं किंवा गरम काही ठेवू नका.