खिडकी साडेचार की चार-पाच? ब्लाइंडचं माप घेताना या चुका टाळा

पुराचे दिवस आले की अख्खी सांगली फूट-इंचात बोलायला लागते. आयर्विन पुलाला पाणी किती झालं, अडतीस दोन की अडतीस चार, हे दूधवाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. आणि याच गावात खिडकीचं माप मात्र व्हॉट्सअॅपवर ‘४.५ बाय ५’ असं येतं.

आता ४.५ म्हणजे काय? साडेचार फूट असेल तर ५४ इंच. चार फूट पाच इंच असेल तर ५३. मिरजेच्या एका घरासाठी मी रोमन ब्लाइंड, म्हणजे दोरी ओढली की घड्या घालत वर जाणारा पडदा, शिवला तेव्हा हे विचारलंच नाही. ५४ धरलं, कापड कापलं, अस्तर लावलं, दांड्या घातल्या. बसवायला गेलो तर खिडकी ५३ ची. चौकटीच्या आत बसवायचा ब्लाइंड एक इंच जास्त झाला तर तो दाबून, कलता करून बसत नाही. वरच्या पट्टीला अॅल्युमिनियम असतं, ते वाकत नाही. चूक गिऱ्हाइकाची नव्हती, माझी होती. तेव्हापासून माझ्याकडे फुटात माप घेतच नाही. इंच आणि सूत, तेही अक्षरात लिहून.

सुताचंही एक कोडं आहे. सुतार आणि स्लाइडिंगवाले इंच-सुतात बोलतात, एका इंचात आठ सूत. त्यांच्या वहीत ४८.३ म्हणजे ४८ इंच ३ सूत. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरला हे माहीत नाही. साडेअठ्ठेचाळीस इंच कॅल्क्युलेटरमध्ये ४८.५ आणि सुताराच्या वहीत ४८.४. दोन्ही बरोबर, पण एकाचा आकडा दुसऱ्यानं वाचला की घोळ. एक सूत म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर, पण चौकटीत घासायला तेवढं पुरतं. म्हणून ‘४८ इंच ४ सूत’ असं पूर्ण लिहा. आधी रुंदी, मग उंची, आणि शेजारी ‘रुंदी’, ‘उंची’ हे शब्दही लिहा. चौकोनी दिसणाऱ्या खिडक्यांचे आकडे उलटे होऊन आलेले मी इतक्यांदा पाहिलेत की आता फोटो मागवल्याशिवाय कात्री हातात घेत नाही.

माप कशाचं, हे सांगितलंच नाही

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. गिऱ्हाईक खिडकी मोजतं, ५० इंच येते. मग त्याला वाटतं, आत सरकायला जरा सुटं हवं, म्हणून ते स्वतःच अर्धा इंच कमी करून साडेएकोणपन्नास लिहितं. शिवणाऱ्याला वाटतं हे खिडकीचं माप आहे, मग तोही आपला अर्धा इंच सोडतो. ब्लाइंड तयार होतो ४९ चा. दोन्ही बाजूंनी उजेडाच्या फटी पडतात आणि ज्यानं त्यानं समोरच्याला दोष द्यायचा.

चौकटीच्या आत बसवायचं असेल तर खिडकीचं आतलं माप जसं येईल तसंच द्या, काही सोडू नका, आणि तसं लिहा: ‘खिडकीचं माप, सूट धरलेली नाही’. मी स्वतः रोमनसाठी एकूण तीन सूत सोडते, दुसरा कुणी चार सोडेल. ते शिवणाऱ्याचं काम. भिंतीवर, चौकटीच्या बाहेर बसवायचं असेल तर मात्र उलटं. तिथं तयार ब्लाइंड केवढा हवा तेच सांगायचं, कारण कुठं थांबायचं हे तुमच्या भिंतीवर ठरतं.

रोलर ब्लाइंड, म्हणजे नळीवर गुंडाळला जाणारा, घेताना आणखी एक खोच लक्षात ठेवा. मोजतात ते ब्रॅकेटच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, पण कापड त्याहून सव्वा ते दीड इंच अरुंद असतं. म्हणजे चौकटीच्या आत रोलर लावला तर दोन्ही कडांनी पाच-सहा सुतांची फट राहणारच. पश्चिमेच्या बेडरूममध्ये, एप्रिलच्या दुपारी, त्या फटीतून उन्हाची पट्टी थेट उशीवर येते. अंधार हवा असेल तर रोलर भिंतीवर घ्या नाहीतर रोमन शिवा. ‘ब्लॅकआउट कापड घेतलंय ना’ हे त्यावर उत्तर नाही, ऊन कापडातून येतच नसतं.

घर गुण्यात नसतं

सांगलीच्या गावभागात एका घरी तळमजल्याच्या चार खिडक्या होत्या. २००५ च्या पुरात एकदा, २०१९ च्या पुरात पुन्हा पाणी आत आलेलं. प्रत्येक वेळी गिलावा काढून नवा केला. घरमालकांनी खिडकी एकदाच मोजली होती, मध्यावर: ४७ इंच. आमच्या फिटरनं टेप वर लावली, ४७ इंच १ सूत. खाली लावली, ४६ इंच ४ सूत. मग खिशातला ओळंबा काढून डाव्या कडेला धरला. खाली ओळंबा भिंतीला टेकलेला आणि वर दोरा कडेपासून सुटलेला. “ताई, पुरानंतर खाली गिलावा जाड बसलाय. खिडकी गुण्यात नाही.” म्हणजे काटकोनात नाही. ४७ च्या हिशेबानं शिवला असता तर ब्लाइंड अर्ध्यापर्यंत झोकात उतरला असता आणि मग दोन्ही बाजूंनी भिंत खरवडत बसला असता.

म्हणून रुंदी तीन ठिकाणी: वर, मध्ये, खाली. तिन्हींतली सर्वांत कमी धरायची. सरासरी काढू नका. एक शिक्षक गिऱ्हाईक मला दर वेळी तिन्हींची सरासरी काढून पाठवत, अगदी दोन दशांश स्थळांपर्यंत. गणित चोख, ब्लाइंड अडकणारा.

उंचीही तीन ठिकाणी, पण तिचा हिशेब ब्लाइंडच्या जातीवर. रोमन पूर्ण सोडला की त्याची लांबी ठरलेली असते, म्हणून सर्वांत कमी उंची धरायची. नाहीतर खालची पट्टी एका टोकाला कडप्प्यावर टेकते आणि घडी फुगते. रोलरला जादा कापड नळीवर गुंडाळलेलंच राहतं, तिथं सर्वांत जास्त उंची दिली तरी बिघडत नाही.

मग दोन्ही कर्ण मोजा, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्यापर्यंत आणि उलट. रुंदी-उंची सगळीकडं सारखी असून दोन्ही कर्णही सारखे आले तर खिडकी काटकोनात. ४८ बाय ६० ची खिडकी अर्धा इंच कलली असेल तर कर्णांत साधारण पाच सुतांचा फरक पडतो. चार सुतांपुढं फरक गेला की मी चौकटीच्या आत बसवायचा आग्रह सोडायला सांगते, विशेषतः कापडावर आडव्या रेघा असतील तर. ब्लाइंड पाणसळीत, म्हणजे बरोबर आडवा, लावला तर खिडकी तिरकी दिसते, खिडकीला धरून लावला तर ब्लाइंड तिरका. भिंतीवर तीन-चार इंच जादा घेऊन लावला की दोघांचंही पाप झाकलं जातं.

शेजारच्या दोन खिडक्या एकसारख्या दिसतात म्हणून एकच मोजणं, ही त्याच जातीची चूक. एकाच गवंड्यानं एकाच दिवशी केलेल्या खिडक्यांतही फरक निघतो. प्रत्येकीला नाव द्या: ‘हॉल, रस्त्याकडची, आतून पाहता डावी’. ‘आतून पाहता’ हे लिहाच.

टेप

शिंप्याची कापडी टेप वापरू नका, जुनी झाली की ताणते. लोखंडी टेप घ्या. तिच्या टोकाचा पत्रा थोडा हलतो, तो बिघाड नाही. पत्र्याच्या जाडीइतकाच तो सरकतो, म्हणजे बाहेरून अडकवला तरी आणि आत टेकवला तरी माप बरोबर यावं. एका घरी कुणीतरी तो हातोडीनं ‘पक्का’ करून ठेवलेला पाहिला. त्या टेपनं घेतलेली एकतर आतली नाहीतर बाहेरची मापं त्या पत्र्याएवढी चुकणार.

आतलं माप घेताना टेप कोपऱ्यात वाकते आणि आकडा अंदाजानं वाचावा लागतो. त्यापेक्षा डाव्या कडेपासून बरोबर २० इंचांवर पेन्सिलनं खूण करा, उजव्या कडेपासून खुणेपर्यंत मोजा आणि बेरीज करा. खूण रंगाच्या भिंतीवर नको, चौकटीवर करा. नाहीतर घरातली मंडळी माप सोडून खुणेवरच बोलत बसतात.

आत जागा आहे का?

रुंदी-उंची काढून लोक निर्धास्त होतात, चौकट आत किती खोल आहे ते मोजतच नाहीत. रोमनच्या वरच्या पट्टीला आणि घड्यांना मिळून किमान अडीच इंच खोली लागते, रोलरला गुंडाळलेल्या कापडासह तीनच्या आसपास. तीन ट्रॅकची स्लाइडिंग, म्हणजे दोन काचा आणि एक जाळी, भिंतीची बरीच जाडी खाते. आत उरतात कधी दोनच इंच. स्लाइडिंगची कडी किंवा लॉक किती पुढं येतं तेही बघा. गावभाग-खणभागातल्या जुन्या वाड्यांत भिंती जाड, जागा भरपूर, पण झडपा आत उघडतात. तिथं आतला ब्लाइंड म्हणजे झडपेशी रोजची भांडणं. भिंतीवरच लावा, आणि झडप उघडल्यावर किती पुढं येते ते मोजून ब्रॅकेट तेवढं पुढं घ्या.

भिंतीवर लावताना बाजूचा स्विचबोर्ड, एसीचा पाइप, कपाटाचं दार बघून घ्या. खिडकीवरचा लिंटेल, म्हणजे आडवा पट्टा, काँक्रीटचा असतो. साध्या ड्रिलनं तिथं भोक पडत नाही, हॅमर ड्रिल लागतं. आणि रोमन वर घेतला की घड्यांचा ढीग बसतो. पाच फुटी ब्लाइंडचा तो ९ ते ११ इंच सहज होतो. तो काचेवर नको असेल तर ब्लाइंड तेवढा वर बांधायचा आणि ती उंची मापात धरायची.

नव्या घराची घाई

वास्तुशांतीची तारीख ठरली की फोन येतो: माप घेऊन जा. बघायला जावं तर खिडकीला अजून ग्रॅनाइटच्या पट्ट्या बसायच्या आहेत. एक पट्टी पाऊण इंच जाड, खाली मसाला. दोन्ही बाजूंनी मिळून दीड-दोन इंच रुंदी जाते. खाली कडप्पा बसला की उंचीही. पट्ट्या, पीओपी, रंग, सगळं झाल्यावर शेवटी माप. तोवर जुनी चादर लावा, पाहुण्यांना नव्या घराचं कौतुक असतं, चादरीकडं कुणी बघत नाही.

कापड आधी घेतलंत तर

कापड स्वतः आणणार असाल तर दोन गोष्टी. एक, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. सोफा-पडद्याचं कापड बहुतेक ४८ किंवा ५४ इंच पन्ह्याचं. दोन्ही कडांना दीड-दीड इंच दुमड गेली की ५४ च्या पन्ह्यात तयार ब्लाइंड ५१ इंचांचाच होतो. ४८ ची खिडकी, भिंतीवर दोन्हीकडं चार-चार इंच जादा, म्हणजे ५६. जोड आलाच. जोड मधोमध घालू नका, उजेडात ती रेघ आयुष्यभर दिसते; मध्ये अखंड पन्हा आणि दोन्ही कडांना पट्ट्या. कापड आडवं फिरवून जोड टाळता येतो, पण नक्षीला वर-खाली नसेल आणि उंची पन्ह्यात मावत असेल तरच.

दुसरी गोष्ट, आटणं. इचलकरंजीचं किंवा विट्याचं न धुतलेलं सुती कापड पहिल्या पाण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. साठ इंचांवर चार टक्के म्हणजे जवळपास अडीच इंच. शिवायच्या आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या, आणि खरेदी करताना तेवढं जास्त घ्या.

झालीच चूक तर

जास्त रुंद झालेला रोमन वाचतो. मिरजेचा तो मी एक बाजू उसवून एक इंच आत घेतला, वरची पट्टी आणि दांड्या करवतीनं कापल्या. अर्धा दिवस गेला, कापड वाचलं. रुंद रोलरची नळी आणि कापड दोन्ही कापावं लागतं, ते दुकानात यंत्रावर करून घ्या, घरी कात्रीनं कड उसवते.

अरुंद झाला तर तो चौकटीतून काढून भिंतीवर लावता येतो का बघा, कडांना वेगळ्या रंगाचा काठ जोडून. आखूड झाला तर खाली काठ. काठ खालच्या पट्टीच्या कापडाएवढाच जाड असावा, नाहीतर ब्लाइंड पुढं झुलतो.

एका बाजूला कलून वर जाणारा रोमन मापानं चुकलेला नसतो. मागच्या दोऱ्या असमान आहेत, ब्लाइंड पूर्ण खाली असताना एक गाठ सोडवून पुन्हा बांधा. रोलर तिरका गुंडाळत असेल तर आधी दोन्ही ब्रॅकेटवर पाणसळ ठेवा. बहुतेक वेळा एक ब्रॅकेट खाली असतं आणि शिव्या कापडाला बसतात.

आणि माप पाठवताना ब्लाइंड ओढायची चेन डावीकडं हवी की उजवीकडं, तेही लिहा. घरात लहान मूल असेल तर पलंग किंवा पाळणा ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजू सांगा, आणि चेन भिंतीला ताणून धरणारी क्लिप फिटरकडून बसवूनच घ्या, लोंबती चेन गळ्यात अडकते. ती क्लिप बऱ्याचदा पिशवीतच राहून जाते.