श्रद्धा आड येत असेल तर ड्युटी कशी सांभाळाल

बावीस वर्षं वॉर्ड इन्चार्ज होते. ड्युट्या लावताना हा पेच कितीदा आला, आणि दर वेळी घोळ एकच: लोक ऐनवेळी सांगतात.

गर्भपाताच्या केसला हात लावायचा नसेल, तर रुजू होतानाच सांगा, तेही लेखी. ‘माझ्या धर्मात बसत नाही’ असं मोघम नको. नेमकं कोणतं काम नको ते लिहा. औषध देणं? उपकरणं हाती देणं? की ड्युट्या लावणंसुद्धा? इथेच गल्लत होते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दोन सुईणींच्या खटल्यात निकाल दिला, की नकाराचा हक्क प्रत्यक्ष उपचारात हात घालण्यापुरता; ड्युट्या वाटणं, देखरेख करणं त्यात येत नाही. तिथल्या १९६७ च्या कायद्यात जीव वाचवायचा असेल तर नकाराला जागाच नाही. तुमच्याकडचा नियम काय, ते आधी वाचून घ्या.

रक्तस्राव सुरू असेल तर वाद नंतर. आधी हातमोजे चढवा.

रुग्णापुढे प्रवचन नको, चेहराही नको. आमच्यातल्या एकीने नुसतं तोंड वाकडं केलं होतं. ती पेशंट रात्रभर वेदना सोसत राहिली, पण बेल वाजवली नाही. ‘मी दुसऱ्या सिस्टरना बोलावते’ एवढंच म्हणा, आणि त्या येईपर्यंत तिथेच थांबा.

आणि हो, तुमचं काम जिने उचललं तिची एखादी नाइट न मागता घ्या.