चिली कॅसरोल: खाली खिमा-राजमा, वर मक्याचा पाव

चिली म्हणजे मिरच्या घालून शिजवलेला मांसाचा दाट रस्सा, आणि कॅसरोल म्हणजे थर लावून ओव्हनमधे भाजलेला पदार्थ. आधी मसाल्याचं बोलू, कारण घोळ तिथेच होतो. अमेरिकेत चिली पावडर म्हणून जी बाटली मिळते ते आपलं लाल तिखट नव्हे बरं का, त्यात सुक्या मिरचीबरोबर जिरं, लसूण, ओरेगानो असं सगळं असतं, आणि तिखटपणा अगदी बेताचा. टेक्सासला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी रेसिपीतल्या ३ टेबलस्पूनच्या जागी घरून आणलेलं लवंगीचं तिखट घातलं, नवऱ्याने एक घास खाल्ला आणि काही न बोलता फ्रीजमधून दही काढलं. भारतात करणार असाल तर १ टेबलस्पून बेडगीचं तिखट, २ टीस्पून जिरेपूड, १ टीस्पून ओरेगानो (पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या साठवल्या असतीलच) एवढं पुरतं.

दुसरा वाद राजम्याचा. १९७७ साली चिली हा टेक्सासचा अधिकृत राज्य-पदार्थ झाला, आणि इथल्या कट्टर लोकांच्या मते खऱ्या चिलीत फक्त बीफ आणि मिरच्या, राजमा घातला की ते नाक मुरडतात. मुरडू देत. आपण वरून मक्याचा थर देऊन भाजणार आहोत, याला इथे टमाली पाय पण म्हणतात, आणि त्याला राजमा लागतोच. डब्यातला असेल तर धुऊन घ्या. सुका असेल तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून कुकरला मऊ शिजवून घ्या. कच्चा राजमा डायरेक्ट स्लो कुकरमधे टाकू नका, मंद आचेवर त्यातलं विषारी द्रव्य जात नाही आणि पोट जाम बिघडतं, निदान १० मिनिटं तरी खळाखळा उकळायलाच हवा.

आता कृती. जाड बुडाच्या भांड्यात तेलावर अर्धा किलो खिमा (मी टर्कीचा घेते, चिकन-मटण काहीही चालेल) मोठ्या आचेवर परता, पाणी आटून तळाला तपकिरी चिकटायला लागेपर्यंत हलवत बसू नका, चव सगळी त्यातच असते. मग मोठा कांदा, एक ढोबळी मिरची, ५-६ लसूण पाकळ्या, सगळं बारीक चिरून घाला. मऊ झालं की मसाला घालून मिनिटभर परता, मग २ टेबलस्पून टोमॅटो पेस्ट, ४०० ग्रॅम टोमॅटो, दीड कप राजमा, कपभर पाणी, मीठ, आणि अर्धा तास मंद आचेवर ठेवून द्या. खिमा नको असेल तर राजमा दुप्पट करा आणि मशरूम घाला, छान होतं.

इथे घाई करू नका. चमच्याने मधे रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहिली पाहिजे इतकं घट्ट हवं, पातळ राहिलं तर वरचा पाव खालून भिजून शिऱ्यासारखा होतो, माझा दोनदा झालाय.

वरच्या थरासाठी पाऊण कप मक्याचं पीठ, पाऊण कप मैदा, २ टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून मीठ, चमचाभर साखर एकत्र करा, त्यात १ अंडं, पाऊण कप दूध, ३ टेबलस्पून वितळलेलं लोणी. मक्याचं पीठ म्हणजे पिवळं, जरा रवाळ, आपल्याकडे कॉर्नफ्लोर म्हणून मिळतं ती पांढरी पावडर नाही, ती नुसता स्टार्च आहे, सूप घट्ट करायला ठीक. पीठ फार फेटू नका, गुठळ्या राहिल्या तरी चालतात.

९ इंची चौकोनी, खोलगट भांड्यात गरम चिली पसरा, त्यावर कपभर किसलेलं चीज, त्यावर पीठ चमच्या-चमच्याने सोडून हलकेच पसरवा. चिली गरमच हवी हं, गार असेल तर वरचं भाजतं आणि मधे कच्चं राहतं. आधीच तापवलेल्या ओव्हनमधे २०० सेल्सिअसला (इथले ४०० फॅरनहाइट) २५ मिनिटं, खाली एक ट्रे ठेवा कारण कडेने उतू जातंच. ओटीजी असेल तर दोन्ही रॉड चालू, आणि वर लवकर लाल व्हायला लागलं तर फॉइल झाका. पावात टूथपिक घालून बघा, पीठ चिकटलं नाही की झालं.

काढल्यावर १५ मिनिटं हात लावू नका, नाहीतर वाढताना सगळं वाहतं. वर कोथिंबीर, लिंबू, घट्ट दही. चार जणांना पोटभर होतं, आणि उरलंच तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमधेच गरम करा, मायक्रोवेव्हमधे पाव चिवट होतो.