लेन्सच्या आधी कढीपत्ता

‘फुलपाखरांसाठी कोणती लेन्स घेऊ?’ नवीन मुलं पहिल्याच भेटीत हे विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, घराजवळ कढीपत्ता आहे का? रुई? बहावा? फुलपाखराच्या मागे धावून पाठमोरे, हललेले फोटो मिळतात. ते जिथे येणारच आहे तिथे आधी जाऊन बसलेलं बरं, आणि ती जागा ठरते मादी कुठल्या झाडावर अंडी घालते यावरून. कढीपत्ता-लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, आंब्यावरच्या बांडगुळाभोवती हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. २०१५ साली त्याला हा मान मिळाला तेव्हा इतर कुठल्याही राज्याला स्वतःचं फुलपाखरू नव्हतं.

हात बसवायला प्लेन टायगर या फुलपाखरासारखा गुरू नाही. पडीक जमिनीवर, रस्त्याकडेला, जिथे रुई तिथे तो. रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, ते फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही, म्हणून हा गडी निवांत, संथ उडतो. शिकाऊ माणसाला आणखी काय हवं? फोटो घरी आल्यावर मात्र मोठा करून बघा. मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके नसतील, तर ती प्लेन टायगरसारख्याच दिसणाऱ्या डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी असण्याची शक्यता आहे. तिच्यात विष नसतं, नुसतं सोंग असतं. हे पहिल्यांदा स्वतःच्या फोटोत सापडतं तेव्हा माणूस या नादाला कायमचा लागतो.

महाराष्ट्रात पावसाळा ओसरतानाचे दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबर, सगळ्यात चांगले. थंडीत सकाळी ऊन अंगावर आल्यावर ती पंख पसरून शेकत बसतात, तेव्हा वरची बाजू टिपून घ्यावी. उन्हाळ्यात ओढ्याकाठची ओली माती शोधा. तिथे क्षार शोषायला थवे उतरतात, बहुतेक नरच. एकदा सोंड मातीत गेली की ती सहसा लवकर हलत नाहीत. चिखलात आडवं व्हायची तयारी ठेवा आणि आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका.

आता लेन्स. ९० ते १०५ मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी लेन्स, उत्तम, पण घरात ७०-३०० मिमीची झूम असेल तर पहिलं वर्ष तीच वापरा. दुरून काम होतं आणि फुलपाखरू बिचकत नाही. पंख मिटलेले असतील तर बाजूने, उघडे असतील तर वरून, पण कॅमेरा पंखांना समांतर हवा. जरा तिरका झाला की डोळा स्पष्ट आणि पंखाचं टोक धूसर. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ ते ११. बाकी आकडे हाताला आपोआप येतात.

पक्ष्यांकडे वळाल तेव्हा आधी वेडा राघू. तो तारेवरून किंवा सुक्या फांदीवरून झेप घेतो, माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येतो. मधमाशी असेल तर डंख काढायला तिला फांदीवर आपटत, घासत बसतो. त्याच्या उडण्यामागे कॅमेरा फिरवू नका. रिकाम्या फांदीवर फोकस करून थांबा, शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. कोतवालाचंही असंच.

एक गोष्ट मात्र रागाने सांगतो. पावसाळ्यात आंबोलीला रात्री बेडूक बघायला मोठी गर्दी होते. डास पळवायचं मलम लावलेल्या हातांनी बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवणारे महाभाग तिथे भेटतात. बेडकाची कातडी असली रसायनं शोषून घेते. घरट्यासमोरच्या फांद्या कापणं, फुलपाखरू हलू नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवणं, हेही त्याच जातीचं. असे फोटो मला लगेच ओळखू येतात, आणि ते किती सुंदर आहेत याने मला काही फरक पडत नाही. घरट्याचा पत्ताही कोणाला सांगू नये, जवळच्या मित्रालाही.

फोटोबरोबर तारीख, जागा आणि ते कुठल्या झाडावर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. नाव विचारायला जाणकाराकडे जाल तेव्हा तो हेच विचारणार. शिवाय पंखांच्या दोन्ही बाजू टिपायचा प्रयत्न करा. ब्लूज म्हणवल्या जाणाऱ्या त्या चिमुकल्या फुलपाखरांच्या बाबतीत तर मिटलेल्या पंखावरचे ठिपके आणि रेघा नीट दिसल्याशिवाय कोणीही शहाणा माणूस नाव सांगायला धजत नाही.