शेजारी परमिट रूम येतेय? विरोध करताना या चुका टाळा

कोपऱ्यावरचं बंद पडलेलं दुकान अचानक सजायला लागतं, काळ्या काचा लागतात, आणि मग कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं की इथे बार होतोय. पुढचे चार दिवस नुसते अंगठे, संतापलेले चेहरे, आणि "आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी केलं पाहिजे" वगैरे. मग एक सह्यांचं पत्र नगरसेवकाला दिलं जातं, त्याच्यासोबत फोटो निघतो आणि सगळे निवांत होतात. तीन महिन्यांनी बार सुरू.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, चुकीचं दार ठोठावणं. महाराष्ट्रात दारूचं लायसन्स महापालिका किंवा नगरपालिका देत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली ते राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून जातं आणि परमिट रूमच्या म्हणजे एफएल-३ च्या फाइलवर सही जिल्हाधिकाऱ्यांची असते. नगरसेवकाने सभागृहात कितीही आवाज उठवला तरी तो आवाज त्या फाइलमध्ये आपोआप जात नाही, तुम्ही कागद नेऊन द्यावा लागतो. अर्ज उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना, एक प्रत पोलीस स्टेशनला कारण त्यांचाही अहवाल मागवतात, आणि प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का, तारीख, नंबर. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं समजा.

पण म्हणून पालिकेला विसरायचं असंही नाही. बांधकाम परवानगी, आरोग्य विभागाचा परवाना, अग्निशमनची एनओसी, वापरबदल, हे सगळं तिथेच असतं आणि बऱ्याचदा बारवाल्याची खरी गोची तिथेच निघते. डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबना आग लागून १४ जण गेले, त्यानंतर रूफटॉपवाल्यांची तपासणी सुरू झाली. गच्चीवर शेड टाकून टेबलं लावलेली दिसत असतील तर तक्रार दोन्हीकडे करा. पालिकेकडे बांधकामाची आणि उत्पादन शुल्ककडे जागेची, कारण लायसन्स मंजूर नकाशातल्या जागेपुरतंच असतं. फुटपाथवर, पार्किंगमध्ये, गच्चीवर ग्लास गेला आणि ती जागा नकाशात नसेल तर तो सरळ शर्तभंग.

दुसरी चूक अर्जातल्या मजकुराची. "संस्कृती बिघडेल, तरुण पिढी वाया जाईल, आमच्या शांतताप्रिय भागाला कलंक लागेल", असली दोन पानं वाचायला अधिकाऱ्याला वेळ नसतो आणि वाचली तरी त्यावर तो काही करू शकत नाही. त्याला नियमात बसणारा मुद्दा लागतो, एकच असला तरी चालेल.

आणि नियमातला सगळ्यात गाजलेला मुद्दा म्हणजे ७५ मीटर. शाळा, धार्मिक स्थळ, एसटी स्टँड यांच्यापासून एवढं अंतर लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण मोजायचं कसं ते फार थोड्यांना. लोक मोबाईलवर मॅप उघडतात, या टोकाला बोट त्या टोकाला बोट, आलं ५८ मीटर, झालं, जिंकलो! तसं नसतं हो. बारच्या दाराच्या मध्यापासून, माणूस चालत ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने, शाळेच्या जवळच्या गेटच्या मध्यापर्यंत मोजतात. कंपाउंड नसेल तर इमारतीच्या जवळच्या दारापर्यंत. म्हणजे भिंतीला भिंत लागून असली तरी रस्ता वळसा घालून जात असेल तर अंतर ८०-९० मीटर भरू शकतं. बारवाल्यांना हे तुमच्याआधी माहीत असतं. पुढचं शटर बंद करून बाजूच्या गल्लीतून एन्ट्री दाखवणं हा तर जुनाच खेळ आहे. त्यामुळे मोजणीच्या दिवशी तिथे हजर राहा, टेप कुठून कुठे लावली त्याचा व्हिडिओ काढा, आणि नकाशात दाखवलेलं दार हेच रोजच्या वापरातलं दार आहे का हे बघा. सुरू झाल्यावर गिऱ्हाइकं पुढच्या शटरनेच आत जाताना दिसली तर फोटो काढून तोच मुद्दा परत लावून धरता येतो.

याच नियमाच्या पोटात अजून दोन गोष्टी आहेत ज्यावर लोक हमखास तोंडावर आपटतात. एक, शाळा म्हणजे मान्यताप्राप्त शाळा किंवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, खाजगी क्लास त्यात येत नाही. वरच्या मजल्यावर दहावीचे क्लास चालतात हा मुद्दा भावनिक म्हणून ठीक, पण फाइलमध्ये टिकत नाही. मंदिर, मशीद, चर्च पण सार्वजनिक ट्रस्ट म्हणून नोंदलेलं लागतं, म्हणून धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणीची प्रत आधी हातात घ्या. आणि दुसरी, लायसन्स मिळून बार चालू झाल्यावर शेजारी शाळा किंवा देऊळ आलं तर ते अंतर लागू होत नाही. त्यामुळे रातोरात कट्ट्यावर मूर्ती बसवून बार बंद पाडण्याच्या आयडिया सोडून द्या, त्यात देवाची पण बदनामी आणि तुमची पण.

हायवेचा मुद्दा थोडक्यात. हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा डिसेंबर २०१६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल अजूनही लोक छापून अर्जाला जोडतात. मार्च २०१७ मध्ये २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या भागासाठी तो २२० मीटरवर आला आणि जुलै २०१७ मध्ये कोर्टानेच स्पष्ट केलं की पालिका हद्दीतल्या लायसन्सना तो आडवा येत नाही. शहरात राहत असाल तर यावर एक पान पण वाया घालवू नका.

आता गावाकडे या. गावात खेळ वेगळा, इथे ग्रामसभेच्या ठरावाला खरंच वजन आहे आणि म्हणूनच चुका पण जास्त महागात पडतात. नवीन लायसन्सला ठराव लागतो तो ग्रामसभेचा, सदस्यांच्या मासिक सभेचा नाही. कुणी मासिक सभेचा ठराव जोडून फाइल पुढे ढकलली असेल तर तिथेच पकडा. ग्रामसभेला कोरम लागतो १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी असेल ते. कोरम नसला की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. कळलं का गंमत? पहिल्या सभेला कुणी फिरकत नाही, दुसरी कधी आहे ते कुणाला नीट कळत नाही, आणि पंचवीस-तीस डोकी बसून ठराव झालेला असतो, खाली "सर्वानुमते". बायकांना तर पत्ताच नसतो, खरं म्हणजे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. नोटीस बोर्डाचा फोटो, अजेंडा, हजेरी रजिस्टरची नक्कल हे सगळं ग्रामसेवकाकडून मागून घ्या. पेसा क्षेत्रातली, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातली गावं असतील तर ग्रामसभेचा हात अजून भक्कम आहे.

आणि चालू असलेलं दुकान बंद करायचं असेल तर आडवी बाटली. २५ मार्च २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी निवेदन दिलं की पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान, चिन्ह उभी बाटली (दुकान चालू) आणि आडवी बाटली (दुकान बंद). इथे गावं हरतात ती बहुतेक वेळा मतांवर नाही, यादीवर हरतात. बरोबर २५ टक्के सह्या गोळा करून मोकळे होतात, आणि पडताळणीच्या दिवशी कुणी रानात, कुणी लग्नाला, दोन-चार सुनांची नावं अजून माहेरच्या यादीत, कुणाची सही पहिल्या सहीशी जुळत नाही, झालं, आकडा २३ वर. सह्या घेताना यादीतला अनुक्रमांक समोर लिहा आणि ३५-४० टक्क्यांपर्यंत जाऊन थांबा, त्याआधी नको.

मतदानाचं गणित तर आणखी वाईट. बंदीला हवी असतात एकूण यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं, झालेल्या मतदानातल्या निम्म्याहून नाही. गावात १००० महिला मतदार आहेत, ६०० आल्या, त्यातल्या ४८० नी आडवी बाटली केली, म्हणजे ८० टक्के. तरी दुकान चालूच राहणार, कारण लागणार होती ५०१. मेलेली माणसं, पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबं, दोनदा आलेली नावं, ही सगळी न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जातात म्हणा ना. म्हणून निवेदन द्यायच्या आधी, म्हणजे पाच-सहा महिने आधी, बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथ अधिकाऱ्याला गाठून फॉर्म ७ भरून मयत आणि दुबार नावं काढायला लावा. कंटाळवाणं काम आहे, मोर्चासारखी मजा त्यात नाही, पण निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो. शहरातल्या वॉर्डासाठी ताजा शासन निर्णय आधी काढून बघा, कारण मार्च २०२५ मध्ये विधानसभेत या विषयावर नव्या घोषणा झाल्या, त्यात सोसायटीच्या गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायला सोसायटीची एनओसी लागेल हीसुद्धा होती. म्हणजे सोसायटीच्या सभेला न जाणाऱ्यांनी आता जायला लागा, नाहीतर कमिटीचे पाच जण सही करून मोकळे होतील.

बार सुरू होऊन त्रास होत असेल तर? "रोज भांडणं होतात" याला शून्य किंमत. कुठल्या तारखेला, किती वाजता, काय झालं, ११२ ला फोन केला तर त्याची नोंद काय, असं एका वहीत लिहा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत रात्री दीडची वेळ आहे, ती ओलांडली तर घड्याळ दिसेल असा व्हिडिओ. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वयाची अट आहे, मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाल्यावर यावर धडाधड कारवाया झाल्या, त्यामुळे अल्पवयीन पोरांचा मुद्दा अधिकारी आता हलक्यात घेत नाहीत. शर्तभंग झाला तर कलम ५४ खाली लायसन्स निलंबित किंवा रद्द करता येतं. आणि लायसन्सचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, तेव्हा नूतनीकरणाच्या आधी सगळं गाठोडं बांधून जानेवारी-फेब्रुवारीत द्या, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नाही.

बारवाल्यांसाठी पण एक वाक्य, कारण तेही बिचारे फसतात: जागेचं अॅग्रीमेंट करून डिपॉझिट भरल्यावर अंतर मोजू नका, आधी मोजा.

शेवटी माहिती अधिकार. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. पण "बारबद्दल सगळी माहिती द्या" असं लिहिलंत तर उत्तर पण तसंच गोल येईल. मागायचं ते नाव घेऊन मागा: मंजूर नकाशा, अंतर मोजणीचा अहवाल, पोलिसांचा अहवाल, आणि आलेल्या हरकतींवर काय निर्णय झाला त्याची प्रत. तुमची हरकत फेटाळून लायसन्स दिलं गेलं असेल तर आदेशाची प्रत त्याच आठवड्यात काढा, कारण पुढचं अपील आयुक्तांकडे आणि त्यानंतर शासनाकडे असतं, आणि अपिलाच्या मुदतीतले दिवस प्रत शोधण्यातच जातात.