पाणी मुरू द्या, मासे मग

आमच्या परसातल्या तळ्यात पहिल्यांदा सोडलेले अकराच्या अकरा गोल्डफिश एका रात्रीत मेले. नात उठायच्या आत मी ते पिठाच्या जुन्या चाळणीने काढले आणि पेरूखाली पुरले. खरी लाज याची वाटली, की कारण मला पाठ होतं. साताऱ्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं सहायक होतो, क्लोरीन काय काय करतो ते पोरांना दाखवत आलो, आणि घरी मात्र सकाळी नळाला पाइप लावून खड्डा भरला नि संध्याकाळी मासे सोडले. दिवस जुलैचे. गढूळ पाण्यामुळे त्या दिवसांत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, जास्त टाकतात, टाकायलाच हवी. चूक सगळी माझी.

म्हणून आता कोणी विचारलं की आधी क्रम सांगतो: खड्डा, पाणी, झाडं, गप्पी मासे, आणि सगळ्यात शेवटी गोल्डफिश. यात सहा आठवडे जातात. लोणचं घातल्या दिवशी ताटात वाढत नाही, तसंच हे पाणी मुरावं लागतं.

खड्डा

जागा अशी बघा की सकाळपासून एक वाजेपर्यंत ऊन आणि नंतर घराची सावली. कमोदिनीला फुलायला पाच-सहा तास ऊन लागतं, पण एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेलं पाणी माशांना सोसत नाही. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. झाडाखाली तळं करू नका. त्यातही चिंच आणि कडुनिंब. त्यांची बारीक पानं कुठल्याच जाळीला दाद देत नाहीत, तळाशी जाऊन कुजतात.

आमचं तळं सहा फूट लांब, चार रुंद, अडीच खोल. म्हणजे ६० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे हिशोबाने १,७०० लिटर. पण एका बाजूला फूटभर रुंदीची पायरी सोडली आहे, ती वजा करता साधारण दीड हजार धरा. अडीच फुटांपेक्षा उथळ करू नका, पाणी लगेच तापतं. पायरी पाण्याखाली नऊ इंच ठेवा, कडेच्या कुंड्या तिच्यावर बसतात.

कडा समपातळीत हव्यात. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी अर्ध्या तासासाठी मागून आणा. मी ती आणली नव्हती. पाणी भरल्यावर पूर्वेच्या बाजूला अस्तराचा काळा प्लॅस्टिकचा कागद दोन इंच उघडा पडला, तो आजही दिसतो. कडा भोवतालच्या जमिनीपेक्षा चार इंच उंच घ्या, म्हणजे पावसात वाफ्यातली माती आणि खत वाहून आत येणार नाही. आणि घरात रांगतं-चालतं मूल असेल, तर तळ्यावर पक्की लोखंडी जाळी किंवा भोवती कुंपण केल्याशिवाय थेंबभरही पाणी भरू नका.

अस्तराला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद उत्तम. शेततळी करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे असतात, स्वस्तात मिळून जातात. माप असं काढा: लांबी, अधिक खोलीच्या दुप्पट, अधिक दोन्ही कडांचे मिळून दोन फूट, रुंदीलाही तेच. आमच्या तळ्याला १३ बाय ११ फूट लागला. कागद ताठ असतो, कोपऱ्यात नीट बसत नाही. दुपारी उन्हात तापवून घ्या आणि पलंगावरच्या चादरीसारख्या घड्या घाला. खाली मुरमाचे दगड टोचू नयेत म्हणून वाळू, तिच्यावर रिकामी पोती. मी एक जुनी गोधडीही घातली. ती कुणाच्या आईची होती हे मला कागद अंथरून झाल्यावर कळलं, आणि ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

सिमेंटचा हौद असेल तर त्यातला चुना पाण्यात उतरत राहतो. तीन आठवडे भरा, ओता, पुन्हा भरा. केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून ठेवण्याची जुनी पद्धतही आहे. शेवटी पीएच पट्टीने तपासा, साडेआठच्या वर दिसलं तर अजून थांबा.

पाणी

नळाचं पाणी भरून उघड्यावर दोन दिवस राहू द्या, क्लोरीन बहुतेक उडून जातो. खात्री करायची तर ओटी टेस्ट. ग्रामपंचायतीत पाणी तपासायला वापरतात तेच द्रावण, दोन-तीन थेंब टाकून पाणी पिवळं झालं तर क्लोरीन अजून आहे. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर हजार लिटरला १५ ग्रॅम पुरतात. माशांच्या दुकानात याचंच द्रावण निळ्या-पांढऱ्या बाटल्यांत मिळतं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण प्राणवायूही कमी असतो. ते उंचावरून धार पाडत भरा आणि दिवसभर राहू द्या.

एवढं झालं की पाणी निर्धोक झालं, तयार नव्हे. मासा जे बाहेर टाकतो त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया माशाला विष. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते झाडं खातात. ही मंडळी दगडांवर, कुंड्यांवर, कागदावर वस्ती करतात, आणि वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. कोणाकडे जुनी मत्स्यपेटी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या तळ्यात पिळून घ्या. ते तपकिरी पाणी म्हणजे आयतं विरजण.

पण सहा आठवडे मोकळं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. यावर तोड म्हणजे गप्पी मासे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, मला तिथून तीस-चाळीस फुकट मिळाले. पाण्यातला क्लोरीन गेला की दुसऱ्याच दिवशी ते सोडा. ते अळ्या खातात, काटक असतात, आणि त्यांच्या घाणीवर जिवाणूंची वस्ती वाढते. चिमूटभर खाद्य आठवड्यातून दोनदा, बस. पुढे गोल्डफिश त्यांची पिल्लं खातात, तरी गप्पी संपत नाहीत.

झाडं

इथे हात सैल सोडा, कारण तळं सांभाळतात ती झाडंच.

कमोदिनीचा गड्डा रोपवाटिकेतून आणा. पसरट घमेलं घ्या, त्यात नुसती काळी माती. शेणखत अजिबात नको, पाण्याखाली ते कुजतं, बुडबुडे येतात आणि आठवड्यात पाणी हिरवं होतं. गड्डा तिरपा लावा, कोंब मातीच्या वर राहू द्या. मग मातीवर इंचभर खडी पसरा, वाळू चाळल्यावर उरते ती. खडी नसेल तर गोल्डफिश डुकरासारखी माती उकरतात. घमेलं एकदम तळाशी ठेवू नका. आधी विटांवर ठेवा, पानं पाण्यावर आली की एक वीट काढा, पुन्हा पानं वर आली की दुसरी. नवं पान लाल-तपकिरी गुंडाळीसारखं वर येतं आणि एका दिवसात ताटलीएवढं उलगडतं. फूल नऊच्या सुमारास उघडतं, दुपारनंतर मिटतं. असं तीन-चार दिवस, मग देठ वाकून ते स्वतःच पाण्याखाली जातं. ते काढून टाका. निम्म्याहून थोडं जास्त पाणी पानांनी झाकलं की ऊन अडतं आणि शेवाळाला आळा बसतो. कमळाच्या मोहात पडू नका, त्याला वेगळा मोठा टब हवा. एवढ्याशा तळ्यात ते बाकी कुणाला जगू देत नाही.

आमच्याकडे कास जवळ. पावसाळा संपत आला की कुणीतरी विचारतंच, पठारामागच्या कुमुदिनी तळ्यातली चार मुळं आणू का? नाही. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, आणि नसतं तरी तिथलं झाड तिथेच शोभतं.

पाण्याखाली हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया. हायड्रिला मासे खातातच, म्हणून आधी तीन आठवडे वाढू द्या. पायरीवर वेखंड, ब्राह्मी आणि एक कर्दळ. ही तिघं नायट्रेट भराभर ओढतात, शिवाय वेखंड आणि ब्राह्मी घरातही लागतात. अझोला दूध धंद्यातल्या कोणाकडेही ओंजळभर मिळेल, माशांचा तो चिवडा. जलपर्णी मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. दक्षिण अमेरिकेतून आलेली ती बया दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि उपटून फेकली की ओढ्याने नदीत जाते.

कुठलंही नवं झाड आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि धुऊन लावा. गोगलगाईंची अंडी आणि नको ते किडे बाहेर राहतात. जांभळं करू नका, पानं करपतात.

मासे

दीड-पावणेदोनशे लिटरला एक मासा. आमच्याकडे नऊ. दुकानात दोन इंचाचा दिसतो तो तळ्यात आठ-दहा इंच होतो, तेव्हा रिकामं रिकामं वाटलं तरी भर घालू नका. जात साधी, कॉमेट किंवा शुबंकिन. ओरांडा, ब्लॅक मूर, डोळ्यांखाली फुगे असलेले, हे सगळे पेटीतले राजे. त्यांना धड पोहता येत नाही, बगळ्याला सोपे सापडतात. निवडताना पंख उभारून हिंडणारा घ्या. अंगावर मिठाचे दाणे सांडल्यासारखे ठिपके असतील किंवा त्याच टाकीत मेलेला मासा असेल तर रिकाम्या हाताने परत या.

घरी आणल्यावर दोन आठवडे वेगळ्या टबात, लिटरला ३ ग्रॅम जाडं मीठ घालून. तळ्यात मीठ टाकू नका, झाडं मरतात. सोडायच्या दिवशी संध्याकाळी पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, थोडं थोडं तळ्याचं पाणी तिच्यात घाला आणि मासा हाताच्या जाळीने सोडा. पिशवीतलं पाणी झाडाला. मी तीन सोडले, दोन आठवड्यांनी आणखी तीन, मग शेवटचे तीन. पहिले दोन दिवस ते कमोदिनीखाली दडून बसतात, खात नाहीत. घाबरू नका.

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. पाहुणे चुरमुरे टाकतात, पाव टाकतात, त्यांना आधी चहा द्या. थंडीत पाणी १२ अंशांच्या खाली गेलं तर खाद्य बंद.

पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळत असतील तर प्राणवायू कमी पडलाय. बादलीने पाणी वर उचलून धार सोडा, लगेच फरक दिसतो. उन्हाळ्यात तासाला हजार लिटर फिरवणारा छोटा पंप मी लावतो, ईएलसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा खटका) असलेल्या बोर्डावरून, आणि त्याची धार कमोदिनीपासून लांब, कारण तिला पानांवर पाणी उडालेलं खपत नाही. दर पंधरा दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी काढून पपईला देतो आणि क्लोरीन घालवलेलं नवं भरतो. एप्रिलमध्ये पाणी मटाराच्या सारासारखं हिरवं झालं तेव्हा शेजारी म्हणाले, सगळं उपसा. उपसलं की जिवाणू गेले, पुन्हा पहिल्यापासून. पानं पसरू दिली, खाद्य निम्मं केलं. तीन आठवड्यांत तळ दिसला.

पावसाळ्यापूर्वी कडेच्या खाली दोन इंचांवर जादा पाण्याचा पाइप काढा आणि त्याच्या तोंडाला जाळी बांधा, नाहीतर मासे गटारात. खंड्या आणि ढोकरी बगळा येणारच. तळाशी फुटका माठ आडवा ठेवा, मासे त्यात शिरतात. एकदा दिवड आली होती. बिनविषारी असते, पण चावते. सर्पमित्राला बोलावून लांब सोडवली.

गेल्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी मासे एकमेकांच्या मागे वेड्यासारखे धावत होते. दुपारी हायड्रिलावर मोहरीएवढे पारदर्शक मणी दिसले. आईबापच अंडी खातात, म्हणून दोन मुठी हायड्रिला उचलून टबात ठेवला. चौथ्या दिवशी टबाच्या भिंतीला बारीक रेघा चिकटलेल्या दिसल्या. दोन दिवस त्यांना काही लागत नाही, मग उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून थेंबभर. महिन्याने बायको वाकून म्हणाली, हे तर ओढ्यातले मासे. खरंच तपकिरी होते. गोल्डफिशची पिल्लं तशीच असतात, सोनेरी रंग काही महिन्यांनी चढतो. बाकीची ओळखीत वाटली. दोघांचा रंग मात्र अजून बदललेला नाही, आणि नात त्यांना द्यायला तयार नाही. त्यांची नावं तिने ओढ्या आणि नाल्या ठेवलीत. म्हणजे तळ्यात आता अकरा झाले, हिशोबापेक्षा दोन जास्त.